तडजोडीला तारीख हवी

निवडणूक जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात एक शब्द कपाटातून बाहेर निघतो: मसलहत. उर्दूतला हा शब्द तसा चांगला आहे. प्रसंग ओळखून, परिणामांचा विचार करून वागणे, असा त्याचा अर्थ. पण निवडणुकीच्या महिन्यात त्याचा अर्थ एवढाच उरतो की प्रश्न विचारू नका. उमेदवाराने पाच वर्षांत काय केले, आपल्या वस्तीतल्या कामगाराला त्याच्याकडून काय मिळणार, असे कुणी विचारले की एखादे वडीलधारे गृहस्थ हात वर करून म्हणतात, "भाई, अभी ये सवाल का वक्त नहीं." मग वक्त कधी येणार, हेही विचारायचे नसते.

कामगार संघटनांत हेच गृहस्थ वेगळ्या टोपीत भेटतात. तिथे ते म्हणतात, "भावनेच्या भरात जाऊ नका, व्यवहार बघा." मिळते ते घ्या, सही करा, घरी जा.

या दोघांच्या समोर तत्त्ववाले उभे असतात. त्यांच्या लेखी सगळे पक्ष सारखे आणि सगळे करार गद्दारीचे. मतदानाच्या दिवशी ते घरी बसतात आणि संपात "शेवटपर्यंत" ही घोषणा देतात. शेवट कुणाचा, हे मात्र सांगत नाहीत.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. माझे म्हणणे साधे आहे. तडजोड करण्यात कमीपणा नाही. जगात हातावर पोट असलेल्या माणसाला तडजोडीवाचून गत्यंतर नसते. पण जिला अटी नाहीत, मुदत नाही आणि जिची किंमत मोजणाऱ्याला कुणी विचारलेले नाही, तिला तडजोड म्हणू नये. ती शरणागती आहे. आणि जे तत्त्व दुसऱ्याच्या चुलीवर शिजवले जाते, त्याला तत्त्व म्हणू नये.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका सहकारी संस्थेत मी एकवीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली नऊ वर्षे तिथल्या कर्मचारी संघटनेचा खजिनदार होतो. वेतनकराराची बोलणी कशी होतात ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. आधी मागणीपत्र जाते. त्यात वीस-पंचवीस मागण्या असतात. त्या सगळ्या मान्य होणार नाहीत हे आम्हाला माहीत असते, व्यवस्थापनालाही माहीत असते. खरे काम मागणीपत्राच्या आधी होते. सर्वसाधारण सभेत बसून ठरवायचे असते की यातले काय सोडता येईल आणि काय अजिबात सोडायचे नाही.

एका वर्षी व्यवस्थापन चांगली पगारवाढ द्यायला तयार झाले. अट एकच होती. संघटनेच्या सभेला आल्या म्हणून कंत्राटदाराने काढून टाकलेल्या तीन सफाई कामगार बायांचा विषय आम्ही सोडायचा. आमच्यातले व्यवहारी लोक म्हणाले, "त्या आपल्या सभासदच नाहीत, कंत्राटदाराची माणसे आहेत." बोलणे कायद्याने बरोबर होते. आम्ही सभा घेतली, चिठ्ठ्या टाकून मत घेतले. थोड्या मतांनी ठरले की बाया परत आल्याशिवाय सही नाही. पाच आठवड्यांनी करार झाला. वाढ कमी मिळाली, तीही तीन वर्षांसाठी, पण बाया परत कामावर आल्या. दुसऱ्या दिवशी कुणी आमच्या गळ्यात हार घातले नाहीत. घराचे हप्ते चालू असलेल्या दोघा-तिघांनी तर बरेच दिवस माझ्याशी नीट बोलणे ठेवले नाही. त्यांचा राग खरा होता. पण आपण काय दिले आणि काय राखले हे प्रत्येकाला माहीत होते, आणि तीन वर्षांनी पुन्हा टेबलावर बसायची तारीख करारातच लिहिलेली होती.

तत्त्व आणि व्यवहार यांच्यातली रेघ इथे आहे. पगारवाढ किती टक्के हा व्यवहार. तो वर-खाली होतो. संघटनेच्या सभेला आल्याबद्दल माणसाला उपाशी मारायचे की नाही, हा व्यवहार नाही. ते टेबलावर ठेवायचेच नाही. कुठली गोष्ट टेबलावर ठेवायची आणि कुठली नाही, हे बोलणी सुरू होण्याआधी, सगळ्यांनी मिळून ठरवायचे असते. बोलणी सुरू झाल्यावर ठरवायला बसलात तर समोरचा तुमच्यासाठी ठरवतो.

हे ज्यांनी सर्वांत स्वच्छ करून दाखवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ साली मुंबईत कापड गिरण्यांचा मोठा संप झाला. त्या काळी विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होत असे. बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना सांगितले की विणखात्याचे दार उघडण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमचा पाठिंबा गृहीत धरू नका. पुढाऱ्यांनी कुरकुरत का होईना ती मागणी घेतली. पुढच्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाच्या हक्काला वेसण घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, त्याच कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरले.

आजचा एखादा तत्त्ववाला याला धरसोड म्हणेल आणि एखादा मसलहतवाला याला चतुराई म्हणेल. माझ्या मते हे दोन्ही नाही. १९२८ मध्ये प्रश्न होता की कामगारांच्या एकीत माझा माणूस बसतो की नाही. १९३८ मध्ये प्रश्न होता की कामगाराला काम नाकारण्याचा हक्क उरतो की नाही. दोन्ही वेळी न सोडायची गोष्ट आधी ठरलेली होती. सोबती कोण, हे त्यावरून ठरले.

आता उलटे उदाहरण घेऊ. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवे होते. पण मुळाशी एक कायदा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकच संघटना 'प्रातिनिधिक' मानली जाई आणि बोलणी करण्याचा हक्क तिचाच. गिरण्यांत ती जागा काँग्रेसशी जवळीक असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. संघाचे सगळे राजकारण व्यवहाराचे होते. सरकार आपले आहे, भांडून काय मिळणार, देतील ते घ्या. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या करारावरून कामगारांचा संयम सुटला आणि ते आपण होऊन डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले. माणसाला न विचारता वर्षानुवर्षे त्याच्या नावावर सह्या केल्या की एक दिवस तो व्यवहारच सोडून देतो. संपाला अविचार म्हणणाऱ्यांनी या अविचाराची नांगरणी कुणी केली ते आधी बघावे.

आपली संघटना आपण निवडणार, हे तत्त्व शंभर टक्के बरोबर होते. पण त्या संपाला तारीख नव्हती. सहा महिने झाले, वर्ष झाले. पोटासाठी हजारो कामगार कोकणात, साताऱ्याकडे, घाटावर आपल्या गावी गेले. पुढे चालू ठेवायचे का, असे त्यांना गुप्त मतदानाने कुणी विचारले नाही. मैदानातल्या सभेत हात वर करणे म्हणजे विचारणे नव्हे. गावी गेलेला कामगार त्या सभेत नसतो आणि सभेतल्या घाबरलेल्या कामगाराला हात खाली ठेवता येत नाही. मतदान घेऊन लोकांनी "चालू ठेवा" म्हटले असते तर ती जिद्द त्यांची ठरली असती. "आता थांबा" म्हटले असते तर माघारही त्यांचीच ठरली असती आणि पुन्हा उभे राहायला अंगात जोर उरला असता. सरकार आणि मालक यांनी तर कामगाराला कधीच विचारले नसते. म्हणून तर आपल्या माणसांनी विचारायला हवे होते.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लाखभर माणसे कामावर परत गेली नाहीत. १९८४ च्या लोकसभेत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतसुद्धा, दक्षिण मध्य मुंबईने डॉ. सामंतांना निवडून दिले. मतपेटीत कामगार जिंकला आणि गिरणीच्या गेटवर हरला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना वाट मोकळी करून दिली, आणि त्या जमिनींवर आज काय उभे आहे ते लोअर परळला उतरणाऱ्या कुणालाही दिसते.

या संपाची एक बाजू आमच्या घरातली आहे. मुंबईत गिरण्या बंद होत्या तेव्हा मालकांना लागणारे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जात होते. माझे थोरले मामा त्या वर्षी तिथे माग चालवत होते. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, हजेरीपट नाही, फंड नाही. एकाच मालकाचे माग कागदावर चार नावांनी वाटलेले, म्हणजे कारखाना कायदा लागू होत नाही. गिरणी कामगाराचा तो उपासाचा काळ होता, आणि भिवंडीच्या मालकाचा सुगीचा.

मामांना संपफोडे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना मी एकच विचारतो. मामांना कुणी कधी विचारले होते का? गिरणीतला कायम कामगार हा कामगार होता, आणि शेडमधला उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी किंवा घाटावरून आलेला आमच्यासारखा माणूस हा कुणीच नव्हता. त्याच्या बारा तासांची मागणी कुठल्याही मोठ्या मागणीपत्रात पहिल्या पानावर आली नाही. १९२८ मध्ये विणखात्याच्या दाराबाहेर जो उभा होता त्याची जागा १९८२ मध्ये भिवंडीच्या शेडमधल्या माणसाने घेतली होती. ज्याला आपण एकीत घेतले नाही, त्याच्याकडून एकीची अपेक्षा करणे हे तत्त्व नव्हे, ती सोयीची नैतिकता आहे.

पण आमच्या बाजूचेही बोलले पाहिजे. त्या शेडचा मालक आमच्याच जमातीचा होता. मजुराच्या मजुरीबद्दलची हदीस त्याला तोंडपाठ होती. हप्त्याच्या दिवशी ती त्याला आठवत नसे. मतदानाच्या दिवशी मात्र त्याला 'कौम' आठवे. मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली तेव्हा मेलेल्यांत मागावरचे गरीब मजूर होते. कौमच्या नावाने मते गोळा करणाऱ्यांनी त्या मजुराच्या हजेरीपटासाठी कधी मोर्चा काढल्याचे मामांनी पाहिले नाही. मसलहत कुणाच्या फायद्याची आणि कुणाच्या घामाची, हे बघायचे असेल तर एकदा यंत्रमागाच्या शेडमध्ये रात्रपाळीला जाऊन उभे राहावे.

अलीकडचे उदाहरण एसटीचे. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्य परिवहनचे कर्मचारी संपावर गेले. पगार तुटपुंजे होते, वेळेवर होत नव्हते आणि कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. राज्य सरकारात विलीनीकरण ही मागणी म्हणजे त्यांच्या लेखी जगण्याची हमी होती. नोव्हेंबरअखेर सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली, नव्या कर्मचाऱ्यांसाठी पाच हजारांची. आझाद मैदानावर त्यांच्यासोबत बसलेले विरोधी पक्षाचे नेते तेवढ्यावर मागे झाले. मग दुसरे पुढारी आले आणि विलीनीकरणाशिवाय काहीच नको, अशी घोषणा झाली. हिवाळा गेला, उन्हाळा आला. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितले आणि लोक रुजू झाले. विलीनीकरण झाले नाही. त्याच वर्षी जूनअखेर सरकार बदलले. सुरुवातीला मैदानावर बसलेल्या नेत्यांचा पक्ष सत्तेत आला. विलीनीकरण तरीही झाले नाही.

नोव्हेंबरची वाढ स्वीकारून, उरलेल्या मागण्यांना मुदत घालून परत जायचे, की एप्रिलपर्यंत थांबायचे, हा प्रश्न वाहकाच्या आणि चालकाच्या घरचा होता. सहा महिने पगार त्याचा बुडत होता, निलंबनाची नोटीस त्याच्या नावाने येत होती. व्यवहारी पुढारी त्याला न विचारता उठून गेले आणि तत्त्ववाले पुढारी त्याला न विचारता बसून राहिले. दोघांच्याही घरची चूल एसटीच्या पगारावर पेटत नव्हती.

आता मताकडे वळतो, कारण मोहल्ल्यातला खरा वाद तिथलाच आहे.

२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी मोठ्या प्रमाणावर महाविकास आघाडीला मते दिली. त्यात शिवसेनेचा एक गटही होता, ज्या पक्षाच्या नावाने १९९२-९३ च्या आठवणी आजही अनेक घरांत जाग्या होतात. लोकांनी त्या बाजूला ठेवून मत दिले. मीही दिले, आणि आज तशीच परिस्थिती असेल तर पुन्हा देईन. ज्या राजकारणात माझे नागरिकत्व, माझे घर, माझा जीव यांवरच प्रश्नचिन्ह लावले जाते, त्याला अडवणे ही माझी न सोडायची गोष्ट आहे. एवढी मसलहत मला मान्य आहे.

पण पुढचा हिशेब बघा. आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. उमेदवार आपल्या धर्माचा असला की आपले भले होते, असे मी मानत नाही. भिवंडीच्या मालकाने ते मला केव्हाच शिकवले आहे. पण उमेदवारी दिली नाही तर त्या बदल्यात दुसरे काय दिले, हे तरी कळायला हवे. धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवार ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्या मतदारसंघातले मालेगाव मध्य हे यंत्रमाग कामगारांचे क्षेत्र. तिथली मते जवळपास एकगठ्ठा त्यांच्याकडे गेली. म्हणजे एक खासदार मागावरच्या मजुराने दिल्लीला पाठवला. त्या मजुराची पाळी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याबद्दल, त्याच्या किमान वेतनाबद्दल, हजेरीपटाबद्दल एक ओळ तरी कुणी लिहून घेतली होती का? त्याच्या वतीने बोलणी करणाऱ्यांनी काय मागितले होते, हे मला आजवर कुणी सांगू शकलेले नाही. लिहिलेलेच नसेल तर मोडल्याची तक्रार तरी कशी करणार?

हे काही नवे नाही. १९७३ मध्ये मुंबईच्या महापौरपदी शिवसेनेचे सुधीर जोशी निवडून आले ते मुस्लिम लीगच्या पाठिंब्यावर. नेत्यांची मसलहत जुनी आहे आणि ती कुठल्याही पक्षाशी होऊ शकते. मला त्यातल्या युतीचे आश्चर्य वाटत नाही. त्या पाठिंब्याची किंमत म्हणून मदनपुऱ्यातल्या विणकराच्या हातात काय पडले, हे विचारायचे राहून जाते, त्याचे वाटते.

मग बहिष्कार घालावा का? काही वेळा तोही व्यवहार ठरतो. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. तिकडे गिरणी संप चालू होता, इकडे वरळीत दलितांवर हल्ले होत होते. शिवसेनेच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या काँग्रेस उमेदवाराला आमची मते गृहीत धरू नका, म्हणून दलित पँथरने बहिष्कार पुकारला. काँग्रेसचा उमेदवार पडला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. तो बहिष्कार घरी बसण्याचा नव्हता. तो संघटित होता, जाहीर होता आणि कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत होते. आजचा तत्त्ववाला मतदानाच्या सुटीला फिरायला जातो आणि त्याला निषेध म्हणतो, हे वेगळे प्रकरण आहे.

बहिष्काराची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. वेतनाची संहिता आदल्या वर्षीच झाली होती. मिळून २९ कायदे चार संहितांत गुंडाळले गेले. तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागणार नाही. पूर्वी ही मर्यादा शंभरची होती. कुठल्याही उद्योगात चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येणार नाही. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप समजला जाईल. हे कायदे राज्यसभेत मंजूर होत होते तेव्हा विरोधी पक्ष सभागृहात नव्हते. शेती विधेयकांच्या वेळी झालेल्या निलंबनाच्या निषेधार्थ त्यांनी कामकाजावर बहिष्कार घातला होता. त्यांचा निषेध तत्त्वाचा असेल. पण किंमत मोजायची वेळ आली ती गेटवरच्या कामगारावर, आणि त्याला कुणी विचारले नव्हते.

यावर मोहल्ल्यातले वडीलधारे मला एक प्रश्न विचारतात, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, "तू अटी घालशील, पण समोरच्याला माहीत आहे की तुला दुसरीकडे जायला जागा नाही. मग तो तुझ्या अटी का मानेल?"

खरे आहे. पण ज्याला जायला दुसरी जागा नाही त्याच्यासाठीच तर संघटना असते. दुसरी नोकरी सहज मिळणाऱ्या माणसाला संघटना लागत नाही, तो राजीनामा देतो. कामगाराने सोडून जाण्याची धमकी देऊन काहीच मिळवलेले नाही. एकत्र उभे राहून, नोंद ठेवून, पुन्हा पुन्हा दारात जाऊन मिळवले आहे. मत कुणाला द्यायचे हे ठरलेले असले तरी प्रचाराला किती माणसे द्यायची, कुणाच्या व्यासपीठावर बसायचे, महापालिकेच्या निवडणुकीत त्याच पक्षाच्या नगरसेवकाचे काय करायचे आणि निवडून आल्यावर शंभराव्या दिवशी त्याच्या कार्यालयासमोर कितीजण उभे राहणार, हे सगळे आपल्या हातात असते. मत ठरलेले आहे म्हणून तोंडही बंद ठेवायचे, हे कुठल्या हिशेबात बसते?

मसलहतीचे समर्थन करताना आमचे मौलवी हुदैबियाच्या तहाचा दाखला देतात. दाखला योग्यच आहे, पण पूर्ण द्यावा. हिजरी सन ६ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्केच्या वेशीवरून उमरा न करता परत फिरले. तहाच्या कागदावर आपल्या नावापुढचे 'अल्लाहचे रसूल' हे शब्द काढायला त्यांनी संमती दिली. केवढी मोठी तडजोड! पण ती लेखी होती. तिला साक्षीदार होते. दहा वर्षांची मुदत होती. पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी मक्केत यायचे, हेही त्यात ठरले होते. हजरत उमर यांनी तिथल्या तिथे उघड प्रश्न विचारले आणि त्यांना कुणी कौमचा गद्दार म्हटले नाही. कुरैशांनी दोन वर्षांत तह मोडला तेव्हा तो मोडला असे जाहीरही झाले. तुमच्या मसलहतीचा कागद कुठे आहे, मुदत कुठे आहे आणि तुमच्या उमरला प्रश्न विचारायची मुभा कुठे आहे? हे नसेल तर हुदैबियाचे नाव घेऊ नका.

कागदावर उतरलेला व्यवहार काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींना एकत्र केले. हा कामगार आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात, म्हणजे कायद्याच्या लेखी त्याला मालकच नव्हता. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळ आले, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरणे मालकांना भाग पडले, त्यातून फंड आणि दवाखाना मिळू लागला. अण्णासाहेब पुढे काँग्रेसचे आमदार झाले. कुणाला ती तडजोड वाटेल. मला ती चालते, कारण हमालाच्या हातात कायद्याचा कागद होता. मागावरच्या मजुरालाही ठरलेला मालक नसतो, आज या शेडमध्ये, उद्या त्या. त्याच्यासाठी असे मंडळ का नको, हा प्रश्न मत मागायला येणाऱ्याला विचारायला काय हरकत आहे?

म्हणून माझे मागणे मोठे नाही. येत्या निवडणुकीआधी वस्तीत, शेडमध्ये, रिक्षा स्टँडवर, डेपोत एक सभा घ्या. बायकांना बोलवा, कारण घरखर्चाची वही त्यांच्याकडे असते. पाच मागण्या लिहा. त्यांतल्या तीन सोडता येतील अशा ठेवा आणि दोन न सोडायच्या. चिठ्ठ्या टाकून मत घ्या. उमेदवार येईल तेव्हा चहा पाजा आणि कागद पुढे करा. सही करतो म्हणाला तर तारीख घालून घ्या. नाही म्हणाला तर तेही लिहून भिंतीवर लावा. मत कुणाला द्यायचे ते ज्याने-त्याने आपल्या मनाने ठरवावे. ते तत्त्वाने द्या नाहीतर व्यवहाराने द्या. पण निकालानंतर वर्षाने तो कागद घेऊन त्याच्या दारात जायला जी माणसे लागतील, त्यांची नावे त्याच सभेत लिहून घ्या. त्या यादीत माझे नाव घाला.